दोन टोप्यांचं स्टेशन

बाई, भांडण अर्ध्यात टाकून जायची तुमची सवय नव्हती. मोहाडीच्या आपल्या गल्लीत लहानथोरांना ठाऊक होतं, की माझ्या मोठ्या जावेशी वाद घातला तर चहाचं आधण दोनदा चढतं आणि निकाल तरी तिच्याच बाजूनं लागतो. या वेळी मात्र तुम्ही मध्येच उठून गेलात. दुपारचं जेवलात, ओसरीवर भिंतीला टेकून बसलात. मी ताक आणायला आत गेले आणि बाहेर आले तेव्हा तुम्ही नव्हता. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल. मला आधी राग आला, रडू नंतर आलं. हे तुम्हाला सांगायला मला लाज वाटत नाही, कारण तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीही आधी रागावला असता.

भांडण पूजाच्या लग्नाच्या लुगड्याचं होतं. माझ्या लेकीचं लग्न ठरलं त्याच दिवशी तुम्ही कोशाचं रेशमी सूत बाजूला काढून ठेवलंत आणि तुमच्या मागावर करवती काठाचं लुगडं लावलंत. आपल्याकडे अंग आधी विणतात, पदर शेवटी. अंग संपत आलं तशी तुम्ही एके दिवशी मला हाक मारलीत.

"पदर तू घे व, दिघोरीवाली. पोरगी तुही आहे."

"मी नाही घेत. एका लुगड्यावर दोन हात बसवू नाही, हे तुमीच तं मले शिकवलं."

"शिकवलं थे शिकवलं. आता मीच म्हनून राहिली न, का बस म्हनून."

"गाव हासन."

"गावाच्या लग्नाचं लुगडं आहे का थे?"

मी पाय आपटत माझ्या चुलीकडे निघून आले. त्यानंतर आपण रोज बोललो, भाजी इकडची तिकडे गेली, पण पदराचं नाव दोघींनी काढलं नाही. प्रत्येकीला वाटत होतं, दुसरी आधी नरमेल.

जे विणत नाहीत त्यांना या भांडणात एवढं काय आहे ते कळायचं नाही. धोटा इकडून तिकडे फेकला की फणी ओढून धागा ठोकतात. तो ठोका ज्याचा त्याचा. कोणाचा जड, कोणाचा हलका. विणणारा बदलला की ठोका बदलतो आणि कापडावर आडवा पट्टा उमटतो. डोळ्यांना तो चुकवता येईल, बोटांना येत नाही. म्हणून आपल्या गल्लीत ज्यानं लुगडं लावलं त्यानंच ते उतरवायचं, मग महिना लागो की दोन. तुमचा ठोका तर असा होता की शेजारच्या घरातल्या पितळी ताटल्या हलायच्या. आणि मी दिघोरीची. आमच्या माहेरच्यांनी केव्हाच माग सोडून धान धरलं होतं, त्यामुळे माझे हात रोवणीत तयार झालेले. पहिल्यांदा मागावर बसले तेव्हा तुम्ही माझ्यामागे उभ्या राहून किती वेळ पाहिलंत आणि मग म्हणालात, "रोवना करून राहिली का व? हे सूत आहे, चिखल नोहे." मी पुष्कळ शिकले, काठ शिकले, पण ठोका काही जड झाला नाही. हलका तो हलकाच. त्यावरून तुम्ही मला पाहुण्यांसमोर, विहिरीवर, साकोलीला भरल्या लग्नात चिडवलंत.

आता ते लुगडं मागावर तसंच आहे. तेरवीपर्यंत माग बंद, म्हणून मला तेवढी मुदत मिळाली. तुमची वर्षा जपानहून आली. पहिले दोन दिवस ती नुसती मागाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून होती. मग म्हणाली, "काकू, आईचं जेवढं झालं तेवढं कापून काढू. मी जपून ठेवीन. पूजाले दुसरं घेऊ. त्याच्यात दुसरा हात नको." तिचं चुकलं असं मी कसं म्हणू? तुमचीच लेक, तुमचाच नियम. आणि पूजा एवढंच म्हणाली की तिला मोठ्या आईचंच लुगडं पाहिजे, पुरं पाहिजे. मग दोघी माझ्याकडे पाहायला लागल्या.

मला भीती पट्ट्याची होती. पदर म्हणजे साऱ्या मांडवानं पाहायची जागा. जवाहरनगरच्या क्वार्टरांतून पूजाच्या सासरची मंडळी येणार, त्यातल्या कोणी तरी म्हातारीनं पदरावरून हात फिरवला तर बोट नेमकं तिथे अडणार. पण खरं सांगू का, त्या म्हातारीची भीती मला कमी होती. तुम्ही आयुष्यात शेवटचं जे विणलंत त्यावर माझ्या हातानं रेघ ओढायची, याची जास्त होती.

अशा वेळी मला सारखं ते स्टेशन आठवत राहिलं.

त्याच्याआधी आपली वाटणी सांगायला हवी, नाही तर स्टेशनचं काय ते कळणार नाही. गोंदिया आपल्या भंडाऱ्यातून निघून वेगळा जिल्हा झाला, त्याच वर्षी आपलंही घर वेगळं झालं. दोघा भावांचं पटेना, दोघी जावांचं पटत होतं, पण विचारतो कोण. चुली दोन झाल्या, कोठ्या दोन झाल्या, ओसरीला दुसरं दार पाडलं. मागाची खोली मात्र वाटता आली नाही. मध्ये भिंत घातली तर ताण्याचं उभं सूत पसरायला लांबी उरत नव्हती. म्हणून त्या एका खोलीत दोन घरांचे माग राहिले, तुमचे उजवीकडे, आमचे डावीकडे. दोघे भाऊ एका खोलीत दिवसभर विणत आणि एकमेकांशी बोलत नसत. तुम्ही मला म्हणाला होता, "जिल्हा फुटला तरी रेल्वे एकाच रुळावून जाते न व." तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं.

मग वर्षाला दिवस राहिले. जावईबापूंची नोकरी जपानात, डॉक्टरनी तिला विमानात बसायला मना केलेलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपली रीत. तुम्ही एक दिवस विचार केलात आणि निकाल दिलात, "पोरगी माहेरी येऊ शकत नसन, तं माहेर जाईन." पण एकट्या जायला तयार नव्हता. जावयाला फोनवर म्हणालात, "धाकटी येत असन तं येतो." नागपूरच्या पुढे दोघीही कधी गेलो नव्हतो. डिंकाचे लाडू, सुंठ, बाळंतशेपा, घुटीचं सामान, सगळं लुगड्यांच्या घड्यांत गुंडाळून आपण निघालो. विमानात तुम्ही पूर्ण वेळ खिडकीला नाक लावून बसलात आणि मी पूर्ण वेळ तुमचा हात धरून.

मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी जावईबापू सकाळीच दवाखान्यात गेले आणि आपण दोघींनी दुपारी जेवणाचा डबा घेऊन यायचं ठरलं. आदल्या दिवशी त्यांनी आपल्याला त्याच वाटेनं नेलं होतं. त्यांनी बजावून सांगितलं: गाडीत बसा, कुठे उतरू नका, गाडी बदलू नका, मी फलाटावर उभा राहीन. आणि असंही म्हणाले, की मध्ये एक स्टेशन दोन कंपन्यांचं आहे. तिथपर्यंत रूळ एका कंपनीचे, तिथून पुढे दुसरीचे, पण गाडी तीच पुढे जाते, तुम्ही फक्त बसून राहा. तुम्ही विचारलंत, एकच गाडी दोन मालकांची कशी? त्यांनी पुन्हा सांगितलं. आपण दोघींनी मान हलवली. कळलं दोघींनाही नव्हतं.

तुम्हाला पुढचा डबा हवा होता, कारण तिथून काचेतून ड्रायव्हर दिसतो. पांढरे हातमोजे घातलेला तो पोरगा प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवायचा आणि तोंडानं काहीतरी म्हणायचा. तुम्हाला ते फार आवडलं. "कामाशी बोलते बिचारा," म्हणालात. मग ते स्टेशन आलं. गाडी थांबली, त्या पोरानं बॅग उचलली आणि खाली उतरला. आणि तुम्ही उठलात.

"चाल. ड्रायवर उतरला. आता हे काही हालत नाही."

"बसा न बाई. जावई म्हनले उतरू नोका."

"अवं, ड्रायवरच नाही तं जाईन कोन? पाय मोकळे करू."

तुमचं काय चुकलं? तुमसर रोडला जन्म गेला आपला. ड्रायव्हर पेटी घेऊन उतरला की माणसं फलाटावर पांगतात, भजी खातात, नळावर तोंड धुतात आणि तरी गाडी उभीच असते. मी पिशवी आवरेपर्यंत तुम्ही जेवणाचा डबा घेऊन खाली उतरलेल्या होता. दार लागलं. मी आत, तुम्ही बाहेर. फोन माझ्याकडे, आणि तोही तिकडे चालत नव्हता. मी काचेला हात लावला. तुम्ही बाहेरून तळहात दाखवलात आणि मग त्याच हातानं पायाखालची फरशी दाखवलीत.

गाडी निघाली तेव्हा मला त्या खुणेचा अर्थ कळला. दिवाळीनंतर आपल्याकडे मंडईच्या जत्रा भरतात, त्या गर्दीत पोरींना नेताना तुम्ही दरवेळी सांगायच्या: जो चुकला त्यानं जागचं हालायचं नाही, शोधणाऱ्यानं फिरायचं. वर्षा आणि पूजा हे ऐकून ऐकून कंटाळल्या होत्या. म्हणजे तुम्ही त्या परक्या देशात मला सांगत होता, मी इथून हलत नाही, तू ये.

मी पुढच्या स्टेशनावर उतरले. एका बाईला मागच्या दिशेनं हात करकरून दाखवलं, तिनं मला जिना चढवून पलीकडच्या फलाटावर नेलं आणि गाडीत बसवून दिलं. त्या गाडीत बसल्या बसल्या मी काय काय पाहिलं मनात. तुम्ही रडताना पाहिल्या. रुळांवर उतरताना पाहिल्या. कोणी तरी कुठे तरी घेऊन जाताना पाहिल्या. वर्षाला काय तोंड दाखवू, असं म्हणत होते.

गाडी थांबली ती पलीकडच्या फलाटावर. उतरले आणि रुळांच्या पलीकडे नजर टाकली.

तुम्ही त्याच फरशीवर होता. उभ्या नव्हता, खुर्चीवर बसला होता, डबा मांडीवर. तुमच्या एका बाजूला निळ्या टोपीचा माणूस, दुसऱ्या बाजूला तपकिरी टोपीचा. दोघे सरळ उभे, जणू पाहुणी ग्रामपंचायतीत आली आहे. मागाहून जावईबापूंनी विचारपूस केली तेव्हा कळलं. निळ्या टोपीवाल्याच्या कंपनीकडे ते स्टेशन सांभाळायला होतं, तपकिरीवाल्याच्या कंपनीची ती गाडी होती जिच्यातून तुम्ही उतरलात. म्हणून आधी एक आला, त्यानं दुसऱ्याला बोलावलं, आणि दोघांपैकी एकानंही तुम्हाला दुसऱ्यावर ढकललं नाही. आपल्याकडे जिल्हा फुटल्यावर कुठलं काम भंडाऱ्याला आणि कुठलं गोंदियाला, हे विचारत माणसं किती दिवस फिरत होती, ते आठवून जावईबापूंसमोर आपण दोघी हसलो होतो.

ते तुम्हाला ऑफिसात न्यायला पाहत होते. तुम्ही गेला नाहीत. "माही जाऊ येऊन राहिली. मी हालत नाही," असं तुम्ही त्यांना आपल्या भाषेत, शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगितलंत. त्यांनी खांबाशी खुर्ची ठेवली. खांब तुमच्या फरशीपासून लांब, म्हणून तुम्ही तिथेही बसला नाहीत. शेवटी ते खुर्चीच उचलून तुमच्या फरशीवर घेऊन आले. बाई, मी आजवर ज्यांना ज्यांना ही गोष्ट सांगितली त्यांना मी इथे थांबून पुन्हा सांगते. खुर्ची बाईंकडे आली. बाई खुर्चीकडे गेल्या नाहीत.

मी जिने उतरून चढून, धापा टाकत तुमच्यापाशी आले. वाटलं, गळ्यात पडाल. तुम्ही माझ्या हाताला धरून मला रुळांकडे वळवलंत.

"पाह्य. आता पाह्य. गाडी येऊन राहिली."

"बाई, माहा जीव गेला होता..."

"मंग पाह्य न आधी."

गाडी आली. निळ्या टोपीचा ड्रायव्हर उतरला. तपकिरी टोपीचा दुसरा ड्रायव्हर आधीच तिथे उभा होता. दोघांनी एकमेकांना सलाम केला, उतरलेल्यानं दोन शब्द सांगितले, दुसरा चढला. उतरलेला तिथून निघून गेला नाही. गाडी हलेपर्यंत उभा राहिला, मग बॅग उचलली. आत बसलेल्या माणसांपैकी कोणी पुस्तकातून मानही वर केली नाही.

"म्या केव्हाची पाहून राहिली," तुम्ही म्हणालात. "रूळ वाटले, टोप्या वाटल्या. गाडी नाही वाटली व त्यायनं."

मग म्हणालात, "आपली मागाची खोली आहे हे."

मला तेव्हा रागच आला होता. मी घाबरून अर्धी झाले आणि तुम्हाला मागाची खोली सुचत होती. पण आज विचार करते तेव्हा छाती फुगते माझी. भाषा नाही, ओळखीचं माणूस नाही, लेक दवाखान्यात, धाकटी जाऊ गाडीत निघून गेलेली, आणि तुम्ही त्या फलाटावर बसून एक नवी गोष्ट शिकत होता. निघताना तुम्ही खुर्ची आणणाऱ्या दोघा टोप्यांना एकेक डिंकाचा लाडू दिलात. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, वाकले. तुम्हीही वाकलात, डोक्यावरचा पदर सावरत. त्यांना काय वाटलं असेल माहीत नाही, पण मला वाटलं की मोहाडीचा मान तिथे राखला गेला.

त्या दिवसाचं भांडण आपण परतीच्या विमानातही भांडलो. मी म्हणायची, तुम्ही उतरायला नको होतं. तुम्ही म्हणायच्या, मी तुमच्यामागून उतरायला हवं होतं. "दोघी उतरलो असतो तं हारवलो असतो का?"

घरी आल्यावर महिना गेला असेल. आमचे हे बसस्टँडपाशी सायकलवरून पडले आणि मनगट मोडलं. मागावर अर्धं लुगडं लागलेलं, व्यापाऱ्याला दिलेला शब्द डोक्यावर. मी चूल सांभाळू की त्यांना, या घोरात होते. सकाळी खोलीतून ठोक्याचा आवाज आला. भासरे, म्हणजे तुमचे हे, तर गावाला गेलेले. जाऊन पाहते तर तुम्ही आमच्या बाजूला, यांच्या मागावर बसलेल्या. वाटणी झाल्यापासून उजवीकडचं माणूस डावीकडे बसलं नव्हतं. हे दारात येऊन उभे राहिले. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "भाऊजी, धोटे कुठं ठेवता? दुसरा सापडून नाही राहिला." यांनी मोडलेला हात सावरत धोटा शोधून दिला. माझ्या नवऱ्यानं तुमच्या घराशी बोललेला तो कित्येक वर्षांतला पहिला शब्द म्हणजे "त्या फळीवर." भासरे परत आले तेव्हा त्यांना हे कोणी सांगितलं नाही. त्यांनी कापड पाहिलं आणि ओळखलं. संध्याकाळी आमच्या चुलीपाशी येऊन भावाच्या हाताची विचारपूस करून गेले.

लुगडं मात्र परत आलं. व्यापाऱ्यानं बोट फिरवलं, बोट अडलं, घडी करून परत पाठवलं. मी तुमच्यापुढे ते टाकलं. "पाहा. गाडी म्हंजे लुगडं नोहे."

"गाडीतही थोडा झटका लागते," तुम्ही म्हणालात. "म्हनून कोनी उतरून नाही जात."

"तुमी गेल्या न उतरून."

तुम्ही एवढं हसलात की डोळ्यांतून पाणी आलं. आणि ते नाकारलेलं लुगडं तुम्हीच नेसायला काढलंत. वर्षानुवर्षं, हळदीकुंकवाला, बारशाला, बँकेत. कोणी पट्ट्यावर बोट ठेवलं की सांगायच्या, "इथपर्यंत माह्या दिराचं. इथून माहं." असं सांगताना तुमचा आवाज थोडा चढायचा. तुम्हाला वाटायचं ते कोणाच्या लक्षात येत नाही.

वाद मिटला नाही तो नाहीच. तुम्ही म्हणायच्या, हात बदलला तरी लुगडं पुढे गेलं पाहिजे. मी म्हणायची, पट्टा उमटणार असेल तर कशाला. गंमत बघा, नियम शिकवला तुम्ही आणि धरून बसले मी.

तुम्हाला एक गोष्ट मी कधी म्हटली नाही. जपानच्या त्या फलाटावरून निघाल्यावर गाडीत तुम्ही झोपलात, माझ्या खांद्यावर डोकं टाकून. मी तुमच्याकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, ही माझी जाऊ आहे. बहीण नशिबानं मिळते, जाऊ तर दुसऱ्यांनी ठरवलेल्या लग्नातून पदरी पडते, आणि माझ्या पदरी ही पडली. तेव्हाच सांगायचं राहिलं. नंतर तुम्ही उठून आधी म्हणालात, "घोरत नोहती न म्या?" आणि मी म्हटलं, "घोरत होत्या." तेही खोटं.

तेरवी झाली. पाहुणे गेले. काल दुपारी मी मागाच्या खोलीत गेले आणि उजवीकडे वळले. वर्षा दारात होती. मी तिला म्हटलं, "माय, म्या फक्त बसून पाहतो. हात नाही लावत."

तुमच्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडले. मग म्हटलं, निदान कुठवर आलं होतं ते तरी पाहू. पुढे गुंडाळलेलं लुगडं थोडं सैल केलं आणि आतून बाहेर हात फिरवत आणला. आतलं कापड तुमचं. घट्ट, भरीव, डोळे मिटून ओळखावं असं. हात पुढे येत गेला. आणि बाई, ते कापड हळूहळू बदलत होतं. एकदम नाही. बोटभर पुढे थोडं हलकं, आणखी वीतभर पुढे आणखी थोडं. कुठे अडत नव्हतं, कुठे रेघ नव्हती. शेवटच्या धाग्यापाशी हात आला तेव्हा बोटांखाली जे कापड होतं ते तुमचं नव्हतं. ते माझं होतं. रोवणीचा ठोका. तुम्ही माझ्या हातानं विणत होता.

मी वर्षाला बोलावलं, तिचा हात धरून त्यावरून फिरवला. ती म्हणाली, "आईचा हात थकला असन, काकू."

थकला नव्हता. गेलात त्याच सकाळी तुम्ही धानाचं पोतं एकटीनं सरकवलं होतं आणि वर मलाच म्हणालात, "तुह्यात दम नाही व." आणि थकल्यावर हलका ठोका देणारी बाई तुम्ही नव्हता. थकलात की उठायच्या, चुकीचा ठोका टाकायच्या नाहीत. मी नाही म्हणून पाय आपटत गेले होते, त्यानंतरचं ते कापड आहे. म्हणजे मी नाही म्हटलं आणि तुम्ही भांडायला आला नाहीत. मागावर बसलात आणि जन्मभराचा जड हात थोडा थोडा सोडत गेलात, मी जिथे बसणार त्या जागेपर्यंत.

वर्षा रडत होती. मग तिनं डोळे पुसले, कोपऱ्यातून पदराच्या रंगाच्या सुताच्या कांड्या आणून माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, "काकू, घे."

मी धोटा उचलला. पहिला ठोका दिला. मग दुसरा. दिवे लागेपर्यंत वीतभर पदर झाला होता. पूजा आली, उभ्या उभ्या तिनं बोट फिरवलं, मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. मग विचारलं, "आई, मोठ्या आईचं कुठवर आहे आनं तुहं कुठून?"

मी वाकून पाहिलं, बोट फिरवलं. मला ती जागा सापडली नाही.

भांडण तुम्ही जिंकलात, बाई. जन्मभर माझ्या ज्या ठोक्याला हसलात, तोच शिकून घेऊन जिंकलात.